व्हॅमचं कूलिंग गेलंय? स्टीम वाढवायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय व्हॅमबद्दल, म्हणजे लिथियम ब्रोमाइडवर चालणारं ॲब्सॉर्प्शन चिलर, आणि तक्रार ती नेहमीचीच. मशीन चालू, पंप चालू, स्टीम जातीये, अलार्म एकही नाही आणि चिल्ड वॉटर मात्र ७ डिग्रीच्या जागी ११-१२ वर अडकून बसलंय. अशा वेळी शिफ्टमधला माणूस पहिलं काय करतो, तर स्टीम वाढवतो. ते करू नका, का ते सांगतो.

या मशीनमध्ये रेफ्रिजरंट म्हणजे आपलं साधं पाणी. बाहेर हवेचं प्रेशर ७६० मिलिमीटर मर्क्युरी असतं आणि इव्हॅपोरेटरच्या आत फक्त साडेसहाच्या आसपास, एवढ्या कमी प्रेशरला पाणी ५ डिग्रीलाच उकळतं आणि उकळताना चिल्ड वॉटरची उष्णता घेऊन जातं. ती वाफ मग ॲब्सॉर्बरमधलं लिथियम ब्रोमाइडचं सोल्युशन शोषून घेतं. आता आत थोडी हवा शिरली की ती काही शोषली जात नाही, ट्यूबांभोवती जमून बसते, वाफेला सोल्युशनपर्यंत पोचू देत नाही, मग इव्हॅपोरेटरचं प्रेशर चढतं. साडेसहाचं सव्वानऊ झालं की तेच पाणी १० डिग्रीला उकळायला लागतं, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षाही कमी फरक आणि कूलिंग गेलं! आणि अशात तुम्ही स्टीम वाढवली तर जनरेटर, म्हणजे स्टीमने सोल्युशन तापवून त्यातलं पाणी उडवणारा भाग, पाणी काढत राहतो, ॲब्सॉर्बर मात्र परत घेत नाही, सोल्युशन घट्ट होत जातं आणि ६५ टक्क्यांच्या आसपास गेलं की हीट एक्सचेंजरमध्ये त्याचे खडे व्हायला लागतात. म्हणजे दुखणं एक होतं, आता दोन झाली.

मग आधी बघायचं काय? लॉगशीट काढा, आजची नाही, मशीन चांगलं चालत होतं तेव्हाची, आणि शेजारी आजची ठेवा. चिल्ड वॉटर आउटलेट आणि रेफ्रिजरंटचं टेंपरेचर यातला फरक बघा. रेफ्रिजरंट छान थंड आहे आणि चिल्ड वॉटरच गरम येतंय, तर इव्हॅपोरेटरच्या ट्यूबा घाण झाल्या असतील, नाहीतर रेफ्रिजरंटचा स्प्रे नीट पडत नसेल. पण दोन्ही सोबतच वर चढलेत तर गडबड ॲब्सॉर्बरकडे आहे, आणि तिथे माझा पहिला संशय हवेवर. अर्थात कूलिंग टॉवरचं पाणी गरम येत असेल किंवा ॲब्सॉर्बरच्या ट्यूबांत स्केल बसलं असेल तरी हेच दिसतं, त्यामुळे कूलिंग वॉटरचं इन-आउट आणि फ्लो तपासूनच पुढे जा.

आता पर्जिंग, म्हणजे आतली हवा व्हॅक्यूम पंपाने बाहेर काढणं. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून सावकाश सांगतो. व्हॅक्यूम पंप सुरू करून लगेच मशीनचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही! आधी पंपाचं तेल बघा, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बदला. मग व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप एकटा किती खाली ओढतो ते बघा, १ मिलिमीटरच्या खाली जात नसेल तर तो पंप मशीनमधली हवा काय काढणार. पंप पास झाला की व्हॉल्व्ह उघडा आणि बंद करताना बरोबर उलटं, आधी व्हॉल्व्ह, मग पंप. हे उलटसुलट झालं तर काढायला गेलेली हवा आपणच आत सोडतो.

हवा निघतीये का हे कळायला एक साधी गोष्ट करा. पंपाच्या एक्झॉस्टला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवा, गॅस बॅलास्ट (पंपात थोडी बाहेरची हवा सोडणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवा नाहीतर बुडबुडे येतच राहतील आणि तुमची दिशाभूल होईल, आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजून लिहून ठेवा. टेस्ट झाली की पंप बंद करायच्या आधी नळी पाण्यातून काढा. बुडबुडे कमी होत थांबले आणि चिल्ड वॉटर खाली आलं तर निदान बरोबर होतं. पण दोन दिवसांनी परत तेवढेच बुडबुडे आले तर रोज पर्जिंग करून दिवस ढकलू नका राव, लीक शोधा. नायट्रोजन भरून सोप सोल्युशन लावा, व्हॉल्व्हच्या ग्लँड, साइट ग्लास, फ्लँज, सेन्सरचे पॉकेट, एकेक करून. लीक सापडतच नाही आणि गॅस मात्र जमतोच, तर तो हायड्रोजन असू शकतो, म्हणजे आतलं लोखंड गंजतंय. मग सोल्युशन लॅबला पाठवा, इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि अल्कलिनिटी तपासून घ्या, कारण हे लांबवलं तर पुढे ट्यूबाच जातात आणि ते खरंच वाईट असतं.

हवा नाही, टॉवर ठीक, तरी कूलिंग नाही? मग रेफ्रिजरंटमध्ये सोल्युशन मिसळलंय का बघा. सॅम्पल काढून हायड्रोमीटर टाका, शुद्ध पाणी १ दाखवतं, रीडिंग मॅन्युअलमधल्या लिमिटच्या वर गेलं की रेफ्रिजरंट ॲब्सॉर्बरमध्ये ब्लोडाउन करून, म्हणजे सोडून देऊन, परत तयार होऊ द्यायचं. सॅम्पल काढताना एक लक्षात ठेवा, आत व्हॅक्यूम आहे, कॉक नुसता उघडला तर पाणी बाहेर येणार नाही, हवा आत जाईल, म्हणून बाटलीवरही आधी व्हॅक्यूम घ्यावा लागतो. तसंच ऑक्टाइल अल्कोहोल, म्हणजे वाफ चांगली शोषली जावी म्हणून सोल्युशनमध्ये टाकतात ते, कमी झालं असेल तरी कपॅसिटी पडते, तेही विचारात घ्या.

आणि क्रिस्टलायझेशन, म्हणजे ते सोल्युशनचे खडे, झालंच असेल तर? जनरेटरची लेव्हल चढलीये, ॲब्सॉर्बरची उतरलीये, जनरेटरकडून ॲब्सॉर्बरकडे येणारा ओव्हरफ्लोचा पाइप हाताला चटका देतोय, ही खूण. स्टीम बंद करा, टॉवरचे फॅन थांबवून कूलिंग वॉटर थोडं गरम होऊ द्या, रेफ्रिजरंट सोल्युशनकडे सोडून ते पातळ करा, आणि हीट एक्सचेंजर बाहेरून गरम पाण्याने किंवा लो प्रेशर स्टीमने शेकत राहा. गॅसची ज्योत लावू नका, कितीही घाई असली तरी. लाइट गेल्यावर तर याची भीती जास्तच, कारण डायल्यूशन सायकल (बंद करताना सोल्युशन पातळ करून घेणं) अर्धवट राहते, म्हणून सोल्युशन आणि रेफ्रिजरंटचे पंप डिझेल जनरेटर सेटवर घेतलेले असावेत, आणि लाइट आली की स्टीम न देता आधी पंप फिरवून सोल्युशन सगळीकडे एकसारखं होऊ द्या.