आधी कोणी इचारलं का?

[काळी पट्टी, फक्त आवाज]

पुढची काही मिनिटं विषय जड आहे, आत्महत्येबद्दल बोलणार आहोत. बघता बघता जीव घाबरा झाला तर बंद करा, काही हरकत नाही. आणि स्वतःच्याच मनात तसले विचार येत असतील तर व्हिडिओ राहू द्या बाजूला, आधी १४४१६ लावा. टेलिमानसचा नंबर आहे, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

[दृश्य: डांबरी रस्ता, दोन्हीकडे पऱ्हाटी म्हणजे कापूस, पाठीवर पंप घेतलेला माणूस धुऱ्यावरून जातोय]

यवतमाळ जिल्हा. गावाचं नाव सांगत नाही आणि चेहरे पण दाखवणार नाही, कारण ज्यांनी आमच्याशी बोलायची हिंमत केली त्यांना उद्या याच गावात राहायचंय, याच ठेल्यावर चहा प्यायचाय.

गावात कोण्या शेतकऱ्यानं जीव दिला की विचारणाऱ्यांची नुसती रांग लागते. पोलीस पाटील येतो, तलाठी येतो, ठाण्यातून कोणी येतं, कृषी सहायक, मग पेपरवाला. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज किती, बँकेचं की सावकाराचं, सावकार लायसनवाला होता का, वसुलीचा तगादा होता का, नापिकी होती का. ह्या उत्तरांवरून ठरतं प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र. पात्र झालं तर घरच्यांना एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, २००६ च्या जीआरपासून हे असंच चालत आलंय. अपात्र झालं तर फाईल बंद, आणि नवरा गेला ते गेलाच वरून सरकारी कागदावर अपात्र असा शिक्का. कोणी केलं असेल हे शब्दांचं काम कोण जाणे.

(कसं केलं, काय वापरलं, हे पेपरात रकानेच्या रकाने येतं. आम्ही त्यातलं काही सांगणार नाही. आधीच काठावर उभ्या असलेल्या माणसाला ते वाचून धक्का लागू शकतो, म्हणून.)

आता गंमत बघा, गंमत म्हणायची हिंमत होत नाही पण बघा, एवढे सगळे प्रश्न विचारणारे येतात आणि ते सगळे नंतर येतात. आधीच्या पंधरा दिवसात कोणी विचारलं का, की भाऊ झोप लागते का?

दिसलेलं मात्र सगळ्यांना असतं. पानठेल्यावर बसून ऐका.

"हाव ना, लय दिवसापासून बोलतच नोता तो."

"मले म्हणे, पोरीकडे लक्ष देजा. मी म्हटलं असंच बोलून रायला असन."

"पोळ्याच्या आधीच बैलजोडी इकली त्यानं. पोळ्याच्या दिवशी घराबायेर निंगाला नाही."

ही माणसं काही दगड नाहीत. त्यांना वाटतं, विचारलं तर त्याला वाईट वाटेल, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे नसेल डोक्यात तर आपण विचारून उलट घालून बसू. ही भीती मी इथे जितक्या घरात ऐकली तितक्या घरात ती खरीच मानली जाते. पण ती खरी नाहीये. सरळ, नीट, शांतपणे विचारल्यानं तसा विचार नव्याने येत नाही, यावर जगभर अभ्यास झालेत. झालं तर उलटच होतं, एवढं मोठं ओझं एकट्यानं धरून बसलेल्या माणसाला कोणीतरी हात पुढे केला असं वाटतं.

[दृश्य: आशाताई, पाठमोऱ्या, हातात रजिस्टर]

ह्या ताई दहावी शिकलेल्या आहेत, गावच्याच सून. गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, सगळं यांच्याचकडे, आणि त्यात अजून एक काम. राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प, मराठवाड्यातले ८ आणि विदर्भातले ६ असे १४ जिल्हे, म्हणजे आपल्याकडचे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. त्यात आशांनी घरोघरी जाऊन मन कसं आहे ते विचारायचं असतं. फॉर्म आहे, नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यात कशात मन लागलं नाही असं झालं का, झोप, भूक, थकवा, आपण घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटतं का. आणि नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटतं का.

आता तो फॉर्म वाचून दाखवला तर इथला कास्तकार सगळ्याला नाही म्हणून मोकळा होतो. समोर ताई, बाजूला बायको, ओसरीत शेजारी, कोण हो म्हणणार? ताईंची पद्धत वेगळी आहे. त्या रजिस्टर उघडतच नाहीत. आधी पऱ्हाटीचं विचारतात, बोंडअळी आहे का, सोयाबीनवर येलो मोझॅक आला म्हणतात खरं का, चुकारे मिळाले का. मग पोरांचं. मग बायकोला म्हणतात चहा टाक वं बाई, ती आत गेली की आवाज खाली आणतात.

"भाऊ, दोन हप्त्यापासून पाहून रायली मी, तुमी ठेल्यावर दिसत नाही. जेवण जाते का?"

"जाते ना."

"झोप?"

मग बराच वेळ काही नाही. ताई पण काही बोलत नाहीत, आणि हे न बोलता बसणं सगळ्यात अवघड आहे, आपल्याला लगेच समजवायची घाई असते, अरे होईल सगळं नीट, पोरांकडे बघ, तुझ्यापेक्षा वाईट हाल आहेत लोकांचे. ही वाक्यं तोंडाशी येतात ती गिळायची.

"भाऊ, जीव द्याचा इचार येते का मनात?"

एका माणसानं या प्रश्नावर काय केलं ते त्यानंच आम्हाला सांगितलं, कॅमेरा बंद ठेवून. रडला. वडील गेले तेव्हा नव्हता रडला. मग म्हणे, "येते. तुमाले कसं समजलं?" त्या दिवशी ताई तिथून उठल्या नाहीत. भावाला बोलावलं, रात्री त्याच्यासोबत कोण झोपणार ते ठरलं, दुसऱ्या दिवशी पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात. एसटीनं गेले. भाऊ सोबत होता म्हणून गेले, एकटा कधीच गेला नसता, कारण आपल्याकडे मनोविकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे थेट नागपूरचा पागलखाना चौक येतो.

कर्ज होतं का? होतं. आजही आहे. गोळ्या खाऊन कोणाचं पीक कर्ज फिटत नाही, आणि समुपदेशन झालं म्हणजे कापसाला भाव मिळाला असं पण नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे नाहीतर लोक हसतील आपल्यावर आणि बरोबरच हसतील. पण कर्ज असलेले तर गावात सगळेच असतात. त्यातल्या एकाला झोप नाही, दारू वाढली, पोरीचं लग्न मोडलं, मणक्याचं दुखणं आहे, त्यात लोकांसमोर अपमान झाला, असं सगळं एकाच माणसावर एकाच महिन्यात येऊन पडतं. एकच कारण सांगणारा कोणी भेटला की समजायचं तो भाषण करतोय.

आणि फक्त सातबारावाल्यांचीच गोष्ट नाहीये ही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे आहेत, शेतीवर जगणाऱ्या ११,२९० लोकांनी देशभरात जीव दिला, त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त. त्यांच्या घरी पात्र-अपात्र ठरवायला पण कोणी येत नाही. तेच बायांचं. वावरात राबते ती, निंदण तिचं, वेचणी तिची, पण सातबारावर नाव नाही म्हणून ती शेतकरी धरलीच जात नाही, आणि मागे राहिली तर सावकार तिच्याच दारात येतो. ताई म्हणतात बाया पटकन बोलतात पण त्यांना कोणी एकटं सोडत नाही, सासू तरी असते नाहीतर जाऊ. मग विहिरीवर, वेचणीच्या ओळीत, तिथे बोलणं होतं.

[दृश्य: गोठ्यात लोखंडी पेटी, कुलूप]

हे कुलूप नीट बघा. आत फवारणीचं औषध आहे. पूर्वी ते खाटेखाली, फडताळात, कुठेही असायचं. मरायची ती तीव्र लाट बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकते, काही मिनिटं, काही तास, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. लाट ओसरली की तोच माणूस सकाळी उठून बैलाला पाणी दाखवतो. श्रीलंकेनं सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी खाली आलं, शेती काही बुडाली नाही. आपल्याकडे काही औषधांवर बंदी आली, बाकीच्यांवर होईल तेव्हा होईल, तोवर कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि घरात कोणी खचलेलं असेल तर तो डबा सरळ भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन ठेवा. त्याला विचारत बसू नका.

प्रयत्न करून वाचलेला माणूस दवाखान्यात आला की घरचे सांगतात, चुकून झालं. का, तर केस होईल. एमएलसी होते, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवतो, पोलीस जबाब घ्यायला येतात, हे खरंय. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २०१८ पासून लागू आहे, त्यात कलम ११५ म्हणतं की अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याच्यावर उपचार करणं सरकारचं काम आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ ला नवीन न्याय संहिता आली तेव्हा गेलंच. त्यामुळे डॉक्टरला खरं सांगा. लपवलं की पोटाचा इलाज होतो आणि मनाचा राहून जातो, आणि घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जपायचे असतात.

गावातल्याच माणसांना शिकवून काही होतं का, असं कोणी विचारलं तर अमरावती जिल्ह्यातलं उदाहरण आहे, विश्राम नावाचा कार्यक्रम, ३० गावं. तिथे नैराश्य असलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते, नंतरच्या पाहणीत ते २७ झाले. २०१७ ला छापून आलंय. शंभरातले ७३ अजून बाहेरच होते, हे पण लक्षात ठेवा. पण चारावरून सत्तावीस म्हणजे ते काय आभाळातून नाही पडले, गावातलीच लोकं घरोघरी गेली, बसली, बोलली.

ताईंना या कामाचे वेगळे फार काही मिळत नाहीत. मोबदल्यासाठी आशांना मोर्चे काढावे लागतात ते तुम्ही पाहिलेच असतील. आणि ताईंशी कोण बोलतं? हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला तर हसल्या, म्हणे "कोणी नाही, घरी जाऊन भांडे घासतो."

आता शेवटचं, कामाचं. १४४१६ हा नंबर दुसऱ्यासाठीही लावता येतो. मेहुणा बोलत नाहीये, मित्र निरोपासारखं काहीतरी बोलून गेला, पोरगं निकालानंतर खोलीतून बाहेर येत नाही, काय करू, एवढंच सांगा, पलीकडचा माणूस विचारत विचारत पुढे नेतो. जीवाला आत्ता धोका दिसत असेल तर फोनच्या आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, हाताशी जे काही असेल ते दूर करा, आणि १०८ ला गाडी बोलवा. दवाखान्यात नेऊन आणलं म्हणजे काम झालं असं धरू नका, तिसऱ्या दिवशी परत जा, पुढच्या हप्त्यात परत जा. गोळ्यांचा असर यायला दोन-चार आठवडे लागतात आणि बरेच जण दहाव्या दिवशीच म्हणतात, मले काई फरक नाही, अन् बंद करून टाकतात.