भिंतीचा पापुद्रा

नमस्कार श्रोतेहो.

ज्वारीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, आणि सासू सुनेचं कौतुक करते. घराच्या दगडी भिंतीचा असाच पापुद्रा सुटला तर? आजचा विषय आहे भूकंपाची पूर्वतयारी, त्यासाठीचं प्रशिक्षण आणि जिल्ह्याजिल्ह्यांनी एकमेकांना द्यायची साथ. नाव लांबलचक आहे. पण पापुद्रा एवढा एक शब्द ध्यानात ठेवा, बाकीचं मागोमाग येईल.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाची तारीख मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. सांगण्याजोगी गोष्ट आहे ती त्याआधीच्या वर्षाची. 1992 च्या पावसाळ्यापासून त्या भागात जमीन गुरगुरत होती. उतरंडीतली भांडी वाजायची. 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का त्यातला मोठा. माणसं धास्तावली. पुढे धक्के ओसरले आणि धास्तीही ओसरली. तेव्हाच्या सरकारी नकाशात हा मुलूख भूकंपाच्या पहिल्या विभागात होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. कागद निर्धास्त होता, मग गाव तरी किती दिवस जागं राहणार? त्या वर्षभरात सुगी झाली, लग्नं झाली, माळवदं, म्हणजे घरांवरची मातीची सपाट छपरं, मात्र होती तशीच राहिली. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं आपापल्या घरात झोपली.

जवळपास आठ हजार माणसं गेली. आणि आता जे सांगतोय ते नव्या पिढीला चटकन पटत नाही. ज्यांच्याकडे दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती होत्या, त्यांची घरं बसली. शेजारी कुडाचं खोपटं होतं, वर पाचट नाहीतर पत्रा होता, ते उभं राहिलं. गावात मान होता तो जाड भिंतीला. उन्हाळ्यात गार आणि चोराला अवघड. मग तीच भिंत कशी पडली?

तर ती भिंत एक नव्हतीच. त्या दोन भिंती होत्या. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून एक थर, आणि मधल्या पोकळीत चिपा, कपच्या, चिखल. बाहेरचा दगड आतल्या दगडाला कुठंच धरून नव्हता. जमीन हलली, मधला भराव खाली बसला, पाचरीसारखा रेटला, आणि दोन्ही थर फाकले. हाच तो पापुद्रा. आतला थर अंथरुणावर, बाहेरचा गल्लीत. गल्ल्या बोळाएवढ्या, त्यामुळं जो दाराबाहेर पळाला त्यालाही मोकळी जागा मिळाली नाही.

वरून माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. असं करत करत माती दोन फुटांवर जायची. हिशेब करा. दहा बाय बारा फुटांची खोली, वर दोन फूट माती, म्हणजे डोक्यावर साधारण दहा-अकरा टन. तीच माती आठ इंच ठेवली तर साडेतीन टन. पुन्हा सांगतो, दोन फूट म्हणजे अकरा टन, आठ इंच म्हणजे साडेतीन. जिथं हा भार भिंतीवर नव्हता, लाकडी खांब-तुळयांवर होता आणि सांधे शाबूत होते, तिथं भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याचं दिसलं. आपल्या जुन्या सुताराचं कुणी नीट कौतुक केलं नाही. आता तर सागवानी खांब काढून शहरातल्या हॉटेलांना शोभेसाठी विकतात. असो.

पुढं 52 गावं नव्या जागी वसली. ज्या गावांत घरं तडकली होती पण उभी होती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आली. गवंड्यांना शिकवलं गेलं. घराघरांत जाऊन समजावायला गावातल्याच बायका संवाद सहायक झाल्या. पण दगडाची भीती मनात इतकी बसली होती की बऱ्याच कुटुंबांनी मदतीच्या पैशातून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली काढली आणि जुनी भिंत तशीच सोडली. उन्हाळ्यात ती खोली तापते, मग तिथं धान्याची पोती, आणि माणसं पुन्हा जुन्या गार घरात.

तरी शिकलेलं वाया गेलं नाही. 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या याच बायका कच्छला गेल्या. भाषा वेगळी, ओढणी वेगळी, दगड-मातीची पडझड मात्र ओळखीची. आपलं घर बांधताना बाईनं स्वतः उभं राहून काम पाहावं, हे सांगायला त्यांना कुठल्या पुस्तकाची गरज पडली नाही. प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते हे. करारनाम्यावरच्या सह्या नंतर.

आता काम कसं करायचं ते थोडक्यात.

आधी माती. माळवदावरची माती आठ इंचांवर आणा, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद घाला, म्हणजे गळतीसाठी दरसाल नवा थर चढवायची वेळ येणार नाही. माती एका बाजूनं उपसू नका, दोन्हीकडून सारखी उतरवा.

मग भिंत. ओळंबा सोडून बघा. पोट सुटलं असेल तर तेवढा भाग टेकू देऊन उतरवून पुन्हा रचावा लागतो, गिलावा करून ते पोट झाकत नाही. भिंत सरळ असेल तर तिला टाके घालायचे. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत तीन-सव्वातीन फुटांवर एक खूण. वरच्या रांगेतली खूण खालच्या दोन खुणांच्या मधोमध. अडीच फुटांची बारीक पहार घेऊन तिथला दगड हलवत हलवत काढायचा. घण मारायचा नाही. घण मारला की आतला भराव सरकतो आणि चांगली भिंतही पोट सोडते. तीन इंचांचं आरपार भोक, दोन्ही तोंडांशी रुंद, मधे अरुंद, डमरूसारखं. अर्ध्यापर्यंत एक-दोन-चारचं, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडीचं काँक्रीट, त्यावर दोन्ही टोकांना आकडे वळवलेली 8 मिलिमीटरची सळई, आणि वर काँक्रीट ठासून. दहा दिवस पाणी. पुन्हा सांगतो, दहा दिवस. चुकतं ते इथंच. तिसऱ्या दिवशी पाणी बंद होतं आणि काँक्रीट भुसभुशीत राहतं.

नवं दगडी घर बांधत असाल तर भिंतीच्या रुंदीएवढा सलग दगड उंचीत दोन फुटांवर, लांबीत चार फुटांवर. आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर चारही भिंतींवरून फिरणारा तीन इंचांचा काँक्रीटचा पट्टा, आत दोन सळया, दर सहा इंचांवर कडी. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. कोपऱ्यात तुटलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला कंबरपट्टा. हल्ली जुन्या मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकायची टूम निघाली आहे. वर वजन, खाली चिखल. माळवदापेक्षा ते बरं, हा गैरसमज आहे.

हे आज कशाला? 21 मार्च 2024 आणि पुन्हा 10 जुलै 2024, हिंगोलीत 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. नकाशातला तो पहिला विभाग 2002 मध्येच रद्द झाला. त्या नव्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात आला. आणि 1994 साली तिशीत असलेला शिकलेला गवंडी आता साठी ओलांडून गेला. कच्छपर्यंत पोचलेलं शहाणपण लातूरकडच्या औशाहून हिंगोलीला एसटीनं एका दिवसात जाईल. आपदा मित्रांचं, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांचं, बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, चांगलं असतं, पण ते घर पडल्यानंतर कामी येतं. तहसीलच्या सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून गवंडी तयार होत नाही, चहा-बिस्किटं मात्र संपतात. पाच-सहा गावांनी मिळून एक पडीक खोली निवडावी, औसा-लोहाऱ्याकडचा एक जुना गवंडी चार दिवस बोलवावा, त्याची मजुरी आणि जेवण वाटून घ्यावं, आणि प्रत्येक गावच्या दोन गवंड्यांनी आपल्या हातानं निदान तीन टाके घालावेत. दिवस निवडायचे ते रब्बीची काढणी आटोपल्यावर. मृगाआधी माळवद उघडता येतं, नंतर नाही. पाणी मारायला टँकरची वाट बघावी लागेल, म्हणून दोन पिंपं आधीच भरून ठेवायची आणि भोकांच्या तोंडांवर ओली गोणपाटं लावायची.