शेरा मारणारा माणूस: केंब्रिजमधले लॉर्ड अ‍ॅक्टन

निवडणुकीचे दिवस आले की आपल्या अग्रलेखांत एक वाक्य हमखास डोकावतं: ‘सत्ता भ्रष्ट करते आणि निरंकुश सत्ता पूर्णपणे भ्रष्ट करते.’ खाली नाव असतं, लॉर्ड अ‍ॅक्टन. मुळात तो माणूस एवढंच म्हणतो की सत्तेचा ‘कल’ भ्रष्ट करण्याकडे असतो. ‘कल’ आपण गाळून टाकला. आणि हे वाक्य राजकारण्यांना उद्देशून लिहिलेलंही नव्हतं, ते पोपांबद्दल होतं. लिहिणारा स्वतः कॅथलिक इतिहासकार.

जन्म १८३४ चा, नेपल्सचा. आई जर्मन घराण्यातली, वडील इंग्रज. सोळाव्या वर्षी या मुलाने केंब्रिजला अर्ज केला, तर तीन कॉलेजांनी कॅथलिक म्हणून दार लावून घेतलं. मग तो म्युनिकला गेला, डॉलिंगर या धर्मगुरू-इतिहासकाराच्या घरी राहून शिकला. दफ्तरखान्यात जाऊन मूळ कागद वाचायची सवय त्याला तिथेच लागली. पदवी मात्र शेवटपर्यंत कुठलीच परीक्षा देऊन मिळवली नाही.

१८७० साली व्हॅटिकन परिषदेत पोप धर्माच्या बाबतीत चुकू शकत नाही, असा ठराव आला. अ‍ॅक्टन रोममध्ये ठाण मांडून होते, विरोधकांची मोट बांधत होते. ठराव झाला. पुढच्याच वर्षी गुरू डॉलिंगर धर्मबहिष्कृत झाले. शिष्य मात्र चर्चमध्येच राहिला, आणि त्याने इतिहास लिहिताना चर्चला कधी सूटही दिली नाही. माझ्या मते अ‍ॅक्टन समजून घ्यायची किल्ली इथे आहे. घर सोडायचं नाही, पण घरच्यांची पापं झाकायचीही नाहीत.

आता त्या वाक्याकडे येतो. मँडेल क्रायटन हे केंब्रिजचे प्राध्यापक, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचे, पाद्री. त्यांनी पोपांचा इतिहास लिहिला आणि स्वतःच संपादक असलेल्या नियतकालिकासाठी त्याचं परीक्षण अ‍ॅक्टनना करायला सांगितलं. अ‍ॅक्टननी झोडपून काढलं. गंमत बघा, प्रोटेस्टंट माणूस म्हणतोय, अहो, त्या काळच्या रीतीप्रमाणे पोपांना समजून घ्या. आणि कॅथलिक म्हणतोय, खून तो खून, छळ तो छळ, पोप आणि राजा यांना वेगळं माप कशाला? ५ एप्रिल १८८७ ला क्रायटनना लिहिलेल्या पत्रात ते वाक्य आलं. क्रायटननी परीक्षण आपल्याच अंकात छापलं. हे दोघांनाही शोभून दिसलं, असं मला वाटतं.

१८९५ साली अ‍ॅक्टन केंब्रिजमध्ये आधुनिक इतिहासाचे रीजियस, म्हणजे राजघराण्याने नेमलेले, प्राध्यापक झाले. दार लावून घेतल्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. योगायोग असा की कॅथलिक मुलांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाऊ नये ही रोमची बंदीही त्याच वर्षी उठली. ट्रिनिटी कॉलेजात खोल्या मिळाल्या. फ्रेंच राज्यक्रांतीवरची त्यांची व्याख्यानं गाजली, पण पुस्तक त्यांच्या हयातीत एकही निघालं नाही. स्वातंत्र्याचा इतिहास लिहायचा होता, त्यासाठी आयुष्यभर टिपणं काढली, खोकीच्या खोकी भरली.

वाचणं मात्र अफाट. ऑल्डनमच्या घरची ग्रंथसंपदा पैशांच्या ओढाताणीत विकायची वेळ आली, तेव्हा १८९० मध्ये अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींनी ती घेतली आणि अ‍ॅक्टन यांच्या हयातभर त्यांच्याचकडे राहू दिली. १९०२ मध्ये अ‍ॅक्टन गेल्यावर ती जॉन मोर्ले यांच्याकडे गेली. हो, तेच मोर्ले. टिळकांना मंडालेची शिक्षा झाली तेव्हाचे भारतमंत्री. त्यांनी ती केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. सुमारे ६०,००० ग्रंथ. त्यांतलं एखादं उघडा: समासात पेन्सिलीची बारीक उभी रेघ, पानांमध्ये कागदाच्या पट्ट्या. शेरा मारायचा तो माणूस रेघेनेही मारायचा.

शेवटची उमेद म्हणजे ‘केंब्रिज मॉडर्न हिस्टरी’, अनेक लेखकांकडून लिहून घ्यायचा अनेक खंडांचा इतिहास. लेखकांना त्यांनी कळवलं होतं की नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईचं आपलं वर्णन असं असावं, जे फ्रेंच, इंग्रज, जर्मन, डच सगळ्यांनाच पटेल. लेखणी कुणी ठेवली आणि कुणी उचलली, हे वाचकाला कळता कामा नये. पहिलं प्रकरण स्वतः लिहिणार होते. १९०१ मध्ये तब्येत ढासळली, ते राहिलंच. १९०२ च्या जूनमध्ये बव्हेरियात टेगर्नझेला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी पहिला खंड निघाला. त्याच्या सुरुवातीला प्रस्तावनेची टीप आहे, आणि ती लिहिलीय मँडेल क्रायटन यांनी.