बाबाशाही रुपया आणि पदवीचा वटाव

नमस्कार श्रोतेहो. आपल्या बडोदे संस्थानात एके काळी बाबाशाही रुपया चालायचा. इंग्रजी मुलखात जायचं तर तो बदलून घ्यावा लागे. दोन्ही चांदीचे, दोन्हींचं नाव रुपयाच, तरी सराफ वटाव म्हणून काही रक्कम कापायचा. त्याचा डोळा नावावर नसे, आतल्या चांदीवर असे.

पदव्यांचं अगदी असंच आहे. गेल्या महिन्यात दांडिया बाजारातली शेजारची मुलगी मार्कशीटचा गठ्ठा घेऊन आली. म्हणाली, "काका, आमची तीन वर्षांची डिग्री १२० क्रेडिटची. अमेरिकेत चार वर्षांची, तीही १२० चीच. म्हणजे मी एक वर्ष वाचवलं की!" पोर हुशार, पण वटाव विसरली.

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास. पदव्या आणि क्रेडिट कसे मोजायचे हे ठरवणाऱ्या नव्या राष्ट्रीय चौकटीत आपल्याकडे वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि निदान दोन तास घरी, असं साधारण १५ आठवडे. झाले ४५ तास. आता तिनं कागदावर गुणाकार केला: एकीकडे ३६०० तास, दुसरीकडे ५४००. चहा निवेपर्यंत गप्प बसली. ब्रिटनमध्ये उलटं. तिथं वर्षाला १२० क्रेडिट, पण एकेक दहाच तासांचं, म्हणजे बेरीज पुन्हा १२००. युरोपात वर्षाला ६०, प्रत्येकी २५ ते ३० तासांचं. नुसता आकडा ऐकून हरखायचं नाही आणि घाबरायचंही नाही.

या चौकटींत पदव्या पायऱ्यांवर मांडतात, त्या पायऱ्यांचाही असाच घोळ. इंग्लंडच्या चौकटीत ऑनर्सची पदवी सहाव्या पायरीवर, मास्टर्स सातव्या, पीएचडी आठव्या. ऑस्ट्रेलियात दहा पायऱ्या: साधी पदवी सातवी, मास्टर्स नववी, डॉक्टरेट दहावी. आपली तीन वर्षांची पदवी साडेपाचवर, चार वर्षांची ऑनर्स सहावर, पीएचडी आठवर. म्हणून कुणी म्हणालं, "तुमची साडेपाच, आमची सात", तर दोन निरनिराळ्या जिन्यांच्या पायऱ्या मोजून इमारतीची उंची ठरवू नका.

मग चांदी कुठं असते? प्रत्येक पायरीसमोर जे लिहिलेलं असतं, त्यात. मला सगळ्यात आवडतं ते मास्टर्सचं वर्णन. इंग्लंडच्या चौकटीत अपेक्षा अशी की माहिती अपुरी असतानाही विद्यार्थ्याला योग्य निर्णय घेता यावा. पदवीच्या पायरीवर विषय नीट समजणं, त्यातली पद्धत वापरता येणं, ज्ञानाला मर्यादा असतात हे कळणं. पीएचडीला मात्र नवं ज्ञानच निर्माण करावं लागतं. पाठांतरावर पेपर लिहिणाऱ्या आमच्या पिढीला (मी स्वतःला वगळत नाही) ही भाषा जरा झोंबते. हजार पानं पाठ असतील, पण अर्धीच माहिती हाताशी असताना निर्णय घ्यायला आम्हाला कुणी सांगितलं होतं?

टक्क्यांचं थोडक्यात. आपल्याकडे साठला फर्स्ट क्लास, ब्रिटनमध्ये सत्तरला. तिथले पासष्ट म्हणजे वरचा सेकंड क्लास, आणि तो चांगला समजतात. तेव्हा तिकडून आलेल्या भाच्याचे पासष्ट टक्के ऐकून नाक मुरडू नका.

या गावाला हा प्रश्न नवा नाही. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची मुलं परीक्षा द्यायची ती मुंबई विद्यापीठाची. आपलं स्वतःचं विद्यापीठ झालं १९४९ साली. सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा त्यांच्या हाती मुंबईची बी.ए. होती. त्या बी.ए.वर न्यूयॉर्कनं एम.ए.चं दार उघडलं.

आज अशी दारं करारांनी उघडतात. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटननं एकमेकांच्या पदव्या मानण्याचा करार केला. पण त्यात इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वकिली आणि आर्किटेक्चर नाही. तिथं परवाना देणारी मंडळं वेगळी, त्यांची तपासणीही वेगळी. इंजिनिअरिंगला वॉशिंग्टन करार आहे, म्हणजे सभासद देशांनी एकमेकांचे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम मानण्याचा करार; भारत २०१४ पासून त्याचा पूर्ण सभासद. पण त्याचा फायदा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच. म्हणजे कॉलेजचं नाव विचारून भागत नाही, तुमच्या शाखेला मान्यता होती का आणि कोणत्या वर्षी, ते विचारावं लागतं.

आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका! मार्कशीट जपतात सगळे, पण तुलना करणारा माणूस विचारतो, या पेपरात शिकवलं काय? माझ्या जुन्या अभ्यासक्रमाची प्रत मागायला गेलो, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, ती रद्दीत गेली." शेजारच्या मुलीला त्याच दिवशी पिटाळलं. परवा ती सहाही सेमिस्टरच्या शिक्का मारलेल्या प्रती घेऊन आली. झेरॉक्सवाल्यानं दोन पानं उलटी जोडली होती, ती आम्ही बसून सरळ केली.