माळकरी आबांना घेऊन कोरियन-जपानी हॉटेलात: काय विचारायचं, काय मागवायचं

राम कृष्ण हरी मंडळी! आजचा विषय मला लई जणींनी विचारलाय. घरात एक माळकरी माणूस, एक जण अंडं खाणारं, एक जण सगळंच खाणारं, आणि लेकरं तर सकाळ-संध्याकाळ कोरियन कोरियन करायलेत, मग सगळ्यांनी मिळून त्या नव्या कोरियन-जपानी हॉटेलात जेवायला जायचं कसं? बऱ्याच घरात काय होतं, म्हाताऱ्या माणसाला घरीच भाकरी खाऊ घालतात आणि तिथं नुसतं सोबत म्हणून बसवतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. आबा येणार असतील तर आबा जेवले पाहिजेत. आणि जेवता येतं, माळेला धक्का न लागता पोटभर जेवता येतं, फक्त प्रश्न बरोबर विचारावे लागतात, कारण "व्हेज आहे का" एवढं तिथं पुरत नाही.

आधी हे सांगते की ही हॉटेलं आपल्याकडं आली कुठून, कारण लोकांना वाटतं पोरांच्या सिरीयलमुळं. तेवढंच नाहीये. अजिंठा-वेरूळला जपान, कोरियाचे बौद्ध यात्रेकरू किती वर्षांपासून यायलेत, अजिंठ्याच्या विकासाच्या प्रकल्पाला जपाननं कर्ज दिलेलं आहे. आणि इकडं शेंद्र्याला ऑरिक औद्योगिक वसाहतीमध्ये ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात ते जेवण मागणारी माणसं खरंच आहेत.

वेळेचं सांगते. संध्याकाळी हॉटेल उघडलं की लगेच जायचं, साडेसहा-सात धरा. आमचे आबा तसेही दिवेलागणीला जेवतात, नऊ वाजता त्यांना ताटावर बसवणं बरोबर नाही, आणि लेकरं पण पेंगायच्या आत जेवतात. पण खरं कारण वेगळं आहे. त्या वेळेला गर्दी नसते, वेटरकडं वेळ असतो, तो आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. साडेआठला हेच प्रश्न विचारले तर बिचारा मान हलवून हो म्हणतो आणि पळतो. आणि जायच्या आदल्या दिवशी फोन करा, एकादशी बघून ठेवा, चातुर्मास असेल तर कांदा-लसणाचं आधीच सांगा, कारण किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्यात, लसूण असतोच.

आता मुख्य गोष्ट, रस्सा. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं एक पाणी असतं, ते जवळजवळ सगळ्याचा पाया आहे, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपमध्ये तेच, नूडल्सच्या रश्शात तेच. नेहमीची दाशी कोम्बू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचा कीस, या दोन्हीची असते. आता सूपमध्ये वर तरंगतंय काय, तर टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर आणि कांद्याची पात, मासा कुठंच दिसत नाही, वेटर पण प्रामाणिकपणे व्हेज म्हणतो. म्हणून विचारायचं असं, "याचं पाणी कशाचं आहे?" नुसत्या कोम्बूची किंवा वाळवलेल्या शिताके मशरूमची दाशी पण असते, आणि ती काय कमी प्रतीची नसते बरं का. १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञानं ज्या चवीला उमामी नाव दिलं ती चव त्यांना कोम्बूतच सापडली होती, शेवाळातच. त्यांच्या बौद्ध मठांत तर शतकानुशतकं मांस-मासा नसलेला, कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक होतोय. म्हणजे आबांचं मागणं त्या स्वयंपाकाला परकं नाहीये, संकोच करायचं कारणच नाही. रामेन म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं मात्र सांभाळून, त्याचा रस्सा बऱ्याचदा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो, वर भाज्या घातल्या म्हणून तो बदलत नाही.

दुसरं, टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली जपानी भजी. भाज्यांचा टेम्पुरा आला की सगळे खूश होतात, रताळं, वांगं, भोपळा, पांढरंशुभ्र हलकं पीठ. तिथं तीन गोष्टी विचारा. पिठात अंडं आहे का, कारण जुन्या पद्धतीत असतं, पण नुसता मैदा आणि बर्फाचं थंडगार पाणी यावर पण होतो. कोळंबी त्याच तेलात तळता का. आणि सोबत जी पातळ तपकिरी चटणी येते ती कशाची, कारण त्यात परत माशाची दाशी असते आणि मिरीन म्हणजे गोडसर तांदळाची दारू असते. माळकरी माणसाला हे न सांगता देणं चूक आहे असं मी स्पष्ट म्हणते. नुसतं मीठ मागा, जपानमध्ये पण लोक टेम्पुरा मिठासोबत खातात, आबांनी तसाच खाल्ला आणि रताळ्याचे काप परत मागवले.

कोरियन बाजूला गेलं की आपल्याला घरच्यासारखं वाटतं, कारण जेवणाआधी टेबलावर छोट्या छोट्या वाट्या येतात, त्याला बानचान म्हणतात, मोड आलेले दाणे, पालक, काकडी, मुळा, किमची, अगदी आपल्या ताटाची डावी बाजू वाढल्यासारखं, आणि बहुतेक ठिकाणी संपलं की परत वाढतात, त्याचे वेगळे पैसे नसतात. पण किमचीत बहुतेक वेळा मासळीचा सॉस नाहीतर खारवलेली बारकी कोळंबी असते. आम्ही वेटरला सरळ म्हणलं, दादा, बरणी दाखवा. त्यानं खरंच आणून दाखवली, मागं एवढुशा अक्षरात घटक लिहिलेले, मोबाईलच्या टॉर्चवर पोरीनं वाचलं, अँचोव्ही, म्हणजे बारका मासा. मग ती वाटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि आबांपुढं पालक, मुळा आणि काकडी आली, तीही विचारूनच, कारण या वाट्यांत पण कधी कधी तोच सॉस पडतो. कोणाच्या कपाळावर आठी नाही. ही किमची हिवाळ्याच्या तोंडाला घरचे, शेजारी मिळून घालतात, त्या कामाला किमजांग म्हणतात, २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत ते आलं आणि जपानी जेवणपद्धत पण त्याच वर्षी आली.

आबांसाठी सगळ्यात चांगली ऑर्डर माझ्या मते बिबिमबाप, म्हणजे वर भाज्या मांडलेला कोरियन भात, दगडाच्या तापलेल्या भांड्यातला. अंडं नको, मांस नको, आणि लाल चटणी वेगळ्या वाटीत सांगा. ती चटणी म्हणजे गोचुजांग, मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन, पण काही हॉटेलं त्यात खिमा परततात आणि काही डब्यांवर अल्कोहोल लिहिलेलं असतं, म्हणून विचारायचं. भांडं टेबलावर येतं तेव्हा भात अजून चरचर वाजत असतो, वर गाजर, पालक, मशरूम, काकडी आपापल्या कोपऱ्यात मांडलेली. लगेच कालवू नका. दोन मिनिटं तसंच राहू द्या, तिळाच्या तेलाचा वास सुटतो, बुडाला खरपुडी धरते, मग चमच्यानं खालून वर कालवा. आमच्या सासूबाईंनी ती खरपुडी खरवडून नातवाच्या वाटीत घातली आणि स्वतःला थोडीच ठेवली, त्यांना बीपी आहे आणि हे सगळे सॉस, मिसो, सोया लई खारट असतात, त्यांचं ताट कमी सॉसचं सांगा. भांड्याला लेकरांचा हात लागू देऊ नका, खरंच भाजतं.

सुशीला घाबरू नका. व्हिनेगर घातलेल्या भाताला सुशी म्हणतात, कच्चा मासा असलाच पाहिजे असं नाही, काकडीची, अव्होकाडोची मिळते. कोरियन किमबाप दिसायला तशीच पण भाताला तिळाचं तेल लावलेलं असतं, आपल्याकडच्या लोकांना ती लवकर आवडते, लेकरांना तर हमखास. त्यात हॅम किंवा खेकड्याच्या नावाची माशाची कांडी असते, ती काढायला सांगा. तोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, रस्सा बऱ्याचदा वाळक्या माशाचा. लहान लेकरांना त्या बारीक कापूनच द्या, चिकट असतात, घशात अडकू शकतात.

टेबलावरची शेगडी असेल तर एकाच जाळीवर मांस आणि मशरूम नको. एक तर जाळी वेगळी मागा, नाहीतर मशरूम, टोफू आतूनच भाजून आणायला सांगा. आम्ही शेगडी नाहीच घेतली, धुरानं आबांना खोकला येतो.

चॉपस्टिक जमत नसेल तर चमचा मागा. कोरियात तर भात चमच्यानंच खातात, वाटी टेबलावरच ठेवून, आणि जपानमध्ये वाटी हातात उचलतात. फक्त काड्या भातात उभ्या खोचू नका, ते दोन्हीकडं मयताशी जोडलेलं आहे, लेकरांना आधीच सांगून न्या. आणि एक रीत मला फार आवडली, कोरियात वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय धाकटे सुरू करत नाहीत. आमच्या पोरांनी हे यूट्यूबवर पाहिलेलं होतं, दोघं हात मांडीवर ठेवून आबांकडं बघत बसले. आबांनी डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं, घास घेतला, मग चमचे वाजले.

गोडात मोची घ्या, तांदळाच्या पिठाची, आत लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड सारण असतं, त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा चिकट पदार्थ, नाही ना एवढं विचारा. रात्री माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, नको, त्यात कॅफिन असतं, म्हाताऱ्या माणसाची झोप जाते. कोरियन भाजलेल्या जवाचा चहा असेल तर तो मागवा, त्यात कॅफिन नसतं, साखर पण लागत नाही. आबांनी दोन कप घेतले, आणि वेटरला विचारलं की हे जव भाजता किती वेळ.