मोने, नदी आणि उलटं कॅलेंडर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मोने आणि नदी'. आधीच सांगतो, हे मोने रत्नागिरीकडचे नव्हेत. (हशा) फ्रेंच चित्रकार क्लोद मोने, जन्म पॅरिसचा, १८४०. वाढला सीन नदीच्या मुखाशी, ल हाव्र बंदरात.

पण त्याआधी माझी एक तक्रार. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं भेट कॅलेंडर घरी आलं. मे महिन्याच्या पानावर मोनेची सीनवरची सकाळ. धुकं, निळसर झाडं, खाली पाण्यात तीच झाडं. महिनाभर आम्ही त्यावर दुधाचे खाडे मांडले. सुट्टीला आलेली भाची एकतीस तारखेला म्हणाली, "मामा, या माणसाची सही वर का आहे? आणि तीही शीर्षासनात?" चित्र उलटं छापलेलं! मी, चित्रकलेवर बोलत हिंडणारा माणूस, तीस दिवस त्याच्यासमोर चहा प्यालो. कंपनीत फोन केला, तर तिकडची मुलगी म्हणते, "सर, तारखा बरोबर आहेत ना?" (हशा)

बरोबर होत्या. रविवारसुद्धा लाल होते.

तर सीनवरच्या सकाळींची ती चित्रं १८९६-९७ची. मोने तेव्हा जिव्हर्नी गावात राहायचा. पहाटे साडेतीनला उठायचा, एप्त नदी सीनला मिळते त्या बाजूला जायचा आणि नांगरलेल्या होडीत बसायचा. एकाच वेळी चौदा कॅनव्हास चालू. उजेड बदलला की मदतनीस पुढचा कॅनव्हास हातात द्यायचा. पहिल्या वर्षी पावसाने सगळं बारगळलं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा. हट्टी माणूस. १८८९ मध्ये क्रूझ नदीच्या खोऱ्यात एक निष्पर्ण ओक रंगवत होता, तर वसंतात त्याला पालवी फुटली. पठ्ठ्याने मालकाला पैसे देऊन झाडाची पानं काढायला लावली! आपल्याकडे असता तर सोसायटीने...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा धावत.

या सगळ्याच्या आधी, सीनकाठच्या आर्जांतय गावी असताना त्याने होडीतच स्टुडिओ थाटला. दोबिन्यी या चित्रकाराने आधी केलं होतं तसंच. काठावरून नदी समोर दिसते, होडीतून ती पायाखाली येते. वस्तू आणि तिचं प्रतिबिंब यांना तो सारखंच वजन देऊ लागला. १८९१ चे एप्तकाठचे पॉप्लर घ्या: लाकूडवाल्याला पैसे देऊन त्याने तोड लांबवली, पण चित्रात खोड कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते शोधावं लागतं. मग १८९३ मध्ये त्याने एप्तच्या फाट्याचं पाणी बागेतल्या तळ्यात वळवायला परवानगी मागितली. गावकरी म्हणाले, ही परकी झाडं पाणी नासवतील. त्याच तळ्यातली कमळं पुढे पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयाच्या भिंतींवर गेली. तिथे क्षितिज नाही, आकाश दिसतं ते पाण्यातलंच.

हो, हो, दुसरीही चिठ्ठी मिळाली. ते कॅलेंडर पिशवीत आणलंय. चहाच्या वेळी बघा, सही बोटाने झाकून सांगा वर कुठलं.