पाट्याची सुरी: भंगारातल्या पोलादातून जंगलातलं हत्यार

नमस्कार मंडळी. सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये हल्ली ऑनलाइन मागवलेले सर्व्हायव्हल नाइफ दिसतात, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आणि पातं मुठीच्या आत जेमतेम बोटभर गेलेलं. लाकूड फोडायला घेतलं की नेमकं तिथेच तुटतं. आणि आपण ज्या घरी मुक्कामाला थांबतो तिथल्या काकांच्या कमरेला आकडीत अडकवलेली कोयती वर्षानुवर्षं चालते, ती बहुतेक वेळा गाडीच्या पाट्याचीच, म्हणजे चाकांवर धक्के झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्टीचीच असते. म्हणून आज मला सांगायचंय ते एवढंच की चांगलं पोलाद आपल्याकडे भंगारात पडलेलं आहे, सुरी जमते किंवा बिघडते ती आच आणि पाणी देताना, म्हणजे लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करताना. आकार, पॉलिश वगैरे नंतरच्या गोष्टी.

आधी भंगार. भंगारवाल्याकडे जे काही चमकतं ते सगळं सुरीला चालत नाही. बांधकामाची सळई, अँगल, पत्रा, यात कार्बन फारच कमी, पाव टक्क्याच्या आसपास, ते कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार टिकणार नाही. गाडीच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते 0.6 टक्का असतो, जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम, त्यामुळे तो वाकतो पण तुटत नाही. जुन्या कानशीत कार्बन 1 टक्क्याच्या वर, बेअरिंगच्या पोलादात बहुतेक वेळा 1 टक्क्याच्या आसपास. ओळखायचं कसं, तर ग्राइंडरला लावून ठिणग्या बघायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, कार्बन जास्त असला की फुलबाजीसारख्या जवळच फुटतात, फांद्या फांद्या होतात. ओळखीचा साधा लोखंडाचा तुकडा शेजारी ठेवून तुलना करा, म्हणजे फरक लगेच कळतो.

पाटा घेताना एक काळजी घ्या. ट्रकखाली लाखो वेळा दबलेल्या पाट्यात बारीक तडे असू शकतात जे डोळ्याला दिसत नाहीत आणि पाणी देताना उघडे पडतात. हायवेला पाटा रिपेअरिंगची दुकानं असतात ना, तिथे नव्या पाट्याचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते मागा. जाडीने जीप-पिकअपचा पाटा बरा, ट्रकचा फार जाड पडतो, घासून घासून हात दुखतील. आणि गॅल्वनाइज केलेलं किंवा क्रोम चढवलेलं काहीही भट्टीत टाकू नका, अजिबात नाही, जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

आता ज्यांच्याकडे भट्टी नाही, फ्लॅटमध्ये राहता, त्यांच्यासाठी कानशीचा रस्ता. कानस जशी येते तशी काचेसारखी ठिसूळ, खाली पडली तर तुकडा उडेल, म्हणून आधी ती ओव्हनमध्ये 200 डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवायची, मग घासायची. घासताना नियम एकच, हाताला चटका बसेल इतकी गरम होऊ द्यायची नाही, दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवायची, कारण धारेजवळ निळा रंग आला तर तिथलं पाणी उतरलं, ती जागा मऊ झाली, आता कितीही धार लावा टिकत नाही. स्वस्त कानशींमध्ये वरची सालच फक्त कडक असते, आत साधं लोखंड, त्या टाळा.

पाट्याचं काम मात्र भट्टीवरच होतं, आणि ते बघायचं असेल तर रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्यांकडे जा. माणूस सांडशीत लालभडक तुकडा धरून ऐरणीवर फिरवतोय आणि समोर बाई उभी राहून घण घालतेय, एकाही शब्दाशिवाय दोघांचा ताल जुळलेला. मी तर म्हणेन कुठल्याही व्हिडिओपेक्षा तिथे अर्धा तास उभं राहा, काहीतरी करून घ्या आणि मागतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका. ते पाणी देताना अख्खा कोयता बुडवत नाहीत, फक्त धारेचा भाग बुडवतात, बाहेर काढून पटकन घासतात आणि पाठीत उरलेली आच धारेकडे सरकताना रंग बघतात, आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेवर आला की परत पाण्यात. थर्मामीटर नाही, काही नाही, सगळं नजरेवर.

आपल्याला ती नजर नाही, तेव्हा आपण चुंबक वापरायचा. पोलाद साधारण 770 डिग्रीला चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याच्या थोडं वर, गडद नारिंगीकडे झुकलेला लाल दिसला की आच झाली. पण ठोकून आकार दिलेला असेल तर आधी तीनदा तेवढंच तापवून उघड्या हवेत गार करा, आतला ताण निघतो. धारेची कड या वेळी 1 मिलिमीटर तरी जाड ठेवा, पातळ असेल तर वाकडी होते किंवा तडकते. मग 50-60 डिग्री कोमट केलेल्या शेंगदाण्याच्या तेलात सरळ उभी बुडवायची. या पाट्याला थेट पाण्यात घातलं तर तडा जायची भीती. इंजिनचं जुनं ऑइलही नको, त्याचा धूर वाईट. भांडं लोखंडी, झाकण हाताशी, प्लास्टिकची बादली जवळपासही नको, तेल पेट घेतं. गार झाल्यावर कानस फिरवून बघा, चावली नाही, नुसती सरकली तर कडक झाली. आता ती ठिसूळ आहे, त्याच दिवशी ओव्हनमध्ये 200 डिग्रीला दोन-दोन तास दोनदा. हे टाळून सुरी वापरायला घेऊ नका प्लीज.

आकार साधा ठेवा. पातं चार-पाच इंच, जाडी 4 मिलिमीटर पुरे, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंना शिसव किंवा बाभूळ, पितळेच्या सळईचे रिव्हेट, वर जवसाचं तेल. पाठीला करवतीचे दात नकोत, पाठ सरळ असली की पावसात भिजलेलं लाकूड तिच्यावर दुसरं लाकूड मारून फोडता येतं, आत कोरडा गाभा मिळतो, त्याच्या पातळ साली काढल्या की चूल पेटते. वाळकी कारवी मिळाली तर उत्तमच, पण उभं झाड तोडू नका. ग्राइंडरवर काम करताना गॉगल आणि मास्क लावा, सुती कपडे घाला.

कायद्याचंही बघा. घरकामाची, शेतीची किंवा उद्योगातली सोडून 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्र कायद्यात परवाना लागू शकतो, शिवाय शहरात पोलिसांचे बंदी आदेश लागू असतात, त्यामुळे लहान असली तरी लोकलमध्ये, एसटीत कमरेला लावून मिरवू नका, सॅकमध्ये आत खाली गुंडाळून ठेवा. आणि हे पोलाद स्टेनलेस नाही, पावसाळ्यात एका रात्रीत गंजतं, ओली सुरी चामड्याच्या म्यानात कधीच ठेवायची नाही, पुसायची, तेलाचा हात फिरवायचा आणि घरी आल्यावर म्यानाबाहेर कोरड्या जागी ठेवायची.